लांब पल्ल्याचं सामायिक क्वांटम नेटवर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिसर्च आणि शिक्षणासाठी चार-पाच संस्थांनी मिळून क्वांटम नेटवर्क उभं करायचं म्हटलं की तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी प्राध्यापकांकडून, कधी नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून, कधी सेकंड इयरच्या विद्यार्थ्यांकडून. ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगत नाही, तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. क्वांटम नेटवर्क म्हणजे नेमकं काय? आत्ताच्या इंटरनेटपेक्षा फास्ट असेल का?

फास्ट नसेल, आणि ते आत्ताच्या इंटरनेटची जागाही घेणार नाही. दोन किंवा जास्त ठिकाणी क्वांटम अवस्था पोचवणारं, किंवा त्या ठिकाणांमध्ये एंटँगलमेंट वाटणारं नेटवर्क म्हणजे क्वांटम नेटवर्क. व्यवहारात बघायचं तर फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची, जोडी तयार करायची, एक फोटॉन इकडे पाठवायचा, एक तिकडे, आणि दोन्हीकडे मोजमाप करायचं. निकाल जुळवून बघितले की त्यांच्यात इतका घट्ट संबंध दिसतो की प्रत्येक फोटॉन आपलं उत्तर आधीच खिशात घेऊन निघाला होता असं धरून तो समजावताच येत नाही. ह्या संबंधालाच एंटँगलमेंट म्हणतात. हे प्रयोगाने दाखवल्याबद्दलच २०२२ चं फिजिक्सचं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना मिळालं.

उपयोग काय तर गुप्त की (मेसेज झाकायची आणि उघडायची किल्ली) बनवणं, लांबचे क्वांटम कॉम्प्युटर एकमेकांना जोडणं, दुसऱ्याच्या क्वांटम कॉम्प्युटरवर आपलं काम त्याला न कळता करून घेणं (याची पद्धत २००९ मध्ये मांडली गेली), अणुघड्याळं एकत्र बांधणं, लांब लांब असलेल्या टेलिस्कोपांचा प्रकाश जुळवणं. यातलं की बनवणं सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि म्हणूनच रिसर्चवाल्यांना स्वतःचं नेटवर्क हवंय. शेजारी साधं नेटवर्क कायम लागतंच, कंट्रोल आणि निकालांची देवाणघेवाण त्यावरूनच होते.

२. एंटँगलमेंटने मेसेज त्याच क्षणी पोचतो असं वाचलंय. मग फायबर कशाला?

पोचत नाही. इकडे मोजल्यावर तिकडच्या फोटॉनचा निकाल जुळतो हे खरं, पण इकडे काय निकाल यावा हे तुमच्या हातात नसतं, त्यामुळे त्यात मेसेज भरताच येत नाही. तिकडच्याला फक्त शून्य-एकची रँडम यादी दिसते, आणि दोन्ही याद्या साध्या इंटरनेटवरून जुळवल्या तरच संबंध दिसतो. क्वांटम टेलिपोर्टेशनचंही तेच. १९९३ च्या मूळ पेपरमध्येच स्पष्ट आहे की एक क्युबिट (क्वांटम बिट) टेलिपोर्ट करायला एक एंटँगल्ड जोडी खर्च होते आणि वर दोन साधे बिट पाठवावे लागतात. ते बिट प्रकाशाच्या वेगाच्या पुढे जात नाहीत. आणि मुळात ती जोडी दोन गावांत पोचवायलाच तर फायबर हवी!

३. लांब पल्ला इतका अवघड का आहे? मध्ये अँप्लिफायर लावले की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबूया.

चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा लॉस दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल असतो. ऐकायला फारच कमी वाटतं. पण हिशोब करून बघा: ५० किमीवर १० पैकी १ फोटॉन पोचतो, १०० किमीवर १०० पैकी १, २०० किमीवर दहा हजारांत १, आणि ५०० किमीवर हजार कोटीत १. १००० किमी सरळ फायबर टाकली आणि सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले तरी एक फोटॉन पोचायला सरासरी ३००० वर्षं लागतील. दर वेळी पाच-दहा टक्क्यांची सुधारणा करत बसून ही दरी भरत नाही.

साधं इंटरनेट हीच अडचण अँप्लिफायरने सोडवतं, म्हणजे आलेल्या प्रकाशाच्या प्रती काढून पुढे पाठवतं. क्वांटम अवस्थेची प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केलं. म्हणजे हा आजच्या मशीनचा दोष नाहीये, नियमच तसा आहे. अँप्लिफायरमधून एकटा फोटॉन गेला तर बाहेर येणाऱ्या गर्दीत मूळ अवस्था बिघडलेली असते, वर अँप्लिफायर स्वतःचा नॉइज घालतो तो वेगळाच. म्हणून क्वांटम सिग्नलच्या वाटेत एकही अँप्लिफायर नको, असेल तर त्याला वळसा घालून वाट काढावी लागते.

ह्यावर आज तीनच रस्ते आहेत: ट्रस्टेड नोड (प्रश्न ४), रिपीटर (प्रश्न ५) आणि सॅटेलाइट (प्रश्न ६). बाकी कोणी काही वेगळं विकत असेल तर त्यांना आधी हा वरचा हिशोब विचारा.

४. चीनने २००० किमीचं नेटवर्क केलंय की! ते कसं जमलं मग?

ट्रस्टेड नोड वापरून. बीजिंग ते शांघाय ही साधारण २००० किमीची लाइन २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात ३२ ट्रस्टेड नोड आहेत. प्रत्येक टप्प्यात दोन शेजारी नोडमध्ये क्यूकेडीने (क्वांटम की डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे क्वांटम पद्धतीने गुप्त की वाटणं) की तयार होते, मग नोडच्या आत एका टप्प्याची की दुसऱ्या टप्प्याच्या कीने झाकून पुढे दिली जाते. म्हणजे नोडच्या आत की उघडी असते, क्वांटम अवस्था तिथेच संपते आणि पुढे नवीन सुरू होते. नोडच्या खोलीवर आणि तिथल्या माणसांवर विश्वास ठेवावा लागतो, नावच ते आहे. व्हिएन्नामध्ये २००८ ला आणि टोकियोमध्ये २०१० ला दाखवलेली नेटवर्कंही ह्याच तत्त्वाची.

सलग फायबरवर, मध्ये ट्रस्टेड नोड न घालता, सगळ्यात लांब क्यूकेडीचा प्रयोग २०२३ मध्ये १००२ किमीचा झाला. तो ट्विन-फील्ड नावाच्या पद्धतीने केला, जिची कल्पना २०१८ मध्ये आली. त्यात दोन्ही टोकांकडून येणारा प्रकाश मध्यावर भेटतो, त्यामुळे लॉसचा फटका अर्ध्याच अंतराचा बसतो. पण त्या अंतरावर कीचा वेग सेकंदाला ०.००३४ बिट होता, म्हणजे एका बिटला जवळजवळ पाच मिनिटं. विज्ञान म्हणून भारीच काम आहे ते, रोजच्या वापराला मात्र नाही.

५. क्वांटम रिपीटर विकत मिळतो का?

नाही. कल्पना १९९८ ची आहे, ब्रीगेल, ड्युर, सिराक आणि झोलर यांची: लांब अंतराचे छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात एंटँगलमेंट तयार करा, ते मेमरीत (क्वांटम अवस्था साठवणाऱ्या उपकरणात) धरून ठेवा, आणि शेजारचे तुकडे तयार झाले की स्वॅपिंग करून, म्हणजे मधल्या दोन टोकांचं एकत्र मोजमाप करून, जोडा. यातला जीव 'धरून ठेवा' ह्या दोन शब्दांत आहे. मेमरी नसेल तर सगळे तुकडे एकाच क्षणी यशस्वी व्हावे लागतात आणि मग प्रश्न ३ मधला हिशोब परत मानगुटीवर बसतो.

मेमरीने किती वेळ धरायचं? फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किमीच्या लिंकच्या मध्यावर स्टेशन असेल तर फोटॉन ५० किमी जाणार, आणि जमलं की नाही ही बातमी ५० किमी परत येणार, म्हणजे एका प्रयत्नाला कमीत कमी ५०० मायक्रोसेकंद. एकच मेमरी असेल तर सेकंदाला २००० प्रयत्न, बास. त्यातले बहुतेक फुकट जाणार. म्हणून एकाच वेळी पुष्कळ मोड (वेगवेगळ्या प्रयत्नांचे फोटॉन) साठवणारी मेमरी हवी असते, आणि सध्या सगळी धडपड तिथेच चाललीय.

कुठवर आलंय ते सांगतो. डेल्फ्टमध्ये २०२१ ला हिऱ्यातल्या दोषांवर आधारित तीन नोडचं नेटवर्क चाललं. इन्सब्रुकमध्ये २०२३ ला आयन ट्रॅपचा (विद्युतभारित अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्याचा) एक नोड मध्ये ठेवून २५-२५ किमी फायबरचे दोन तुकडे जोडले. २०२४ मध्ये हार्वर्डने बोस्टन भागातल्या ३५ किमी फायबरमधून दोन मेमरी एंटँगल केल्या, आणि त्याच वर्षी डेल्फ्ट ते हेग २५ किमी फायबरवरून तेच झालं. म्हणजे शहराच्या आकारापर्यंत आलोय. गावागावांना जोडणारी रिपीटरची साखळी अजून कोणाकडेच नाही, आणि मला वाटतं सामायिक रिसर्च नेटवर्कची खरी गरज इथेच आहे, कारण अशी साखळी एकट्या लॅबला बांधता येणारच नाही.

६. सॅटेलाइटने हे सगळं टाळता येत नाही का?

काही प्रमाणात येतं. फायबरमध्ये लॉस दर किलोमीटरला गुणाकाराने वाढतो, मोकळ्या अवकाशात तो अंतराच्या वर्गाने वाढतो, आणि दाट हवेचा थर तेवढ्या दहाएक किलोमीटरचा. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिसियस सॅटेलाइटने २०१७ मध्ये जमिनीवरच्या १२०० किमी लांब दोन स्टेशनांना एंटँगल्ड फोटॉन दिले. २०२५ मध्ये छोट्या सॅटेलाइटने चीन ते दक्षिण आफ्रिका, १२९०० किमी, की पोचवल्याचा पेपर आला (तिथे सॅटेलाइट स्वतःच ट्रस्टेड नोड असतो, हे लक्षात ठेवा). पण ढग आले की बंद, दिवसा सूर्यप्रकाशामुळे फार कठीण, आणि खालच्या कक्षेतला सॅटेलाइट डोक्यावरून काही मिनिटांतच निघून जातो. शिक्षणासाठी रोज सकाळी प्रॅक्टिकल घ्यायचं असेल तर फायबरच.

७. सिक्युरिटीसाठीच करायचं असेल तर पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी स्वस्त नाही का?

आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच वापरा. पोस्ट-क्वांटम म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडायला अवघड जाईल अशा गणितावरचं साधं एन्क्रिप्शन. अमेरिकेच्या निस्टने (स्टँडर्ड ठरवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये पोस्ट-क्वांटमची पहिली तीन स्टँडर्ड जाहीर केली, ती साध्या कॉम्प्युटरवर चालतात, नवीन फायबर लागत नाही. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची एनसीएससी ह्या सरकारी सुरक्षा संस्था दोघीही क्यूकेडीऐवजी त्याचीच शिफारस करतात. क्यूकेडीची बाजू अशी की तिची सुरक्षितता एखादं गणित अवघड आहे ह्या गृहीतकावर उभी नाही, पण समोरचा खरोखर तोच आहे ना हे तपासायला ऑथेंटिकेशन लागतंच, आणि डिटेक्टरमधल्या उणिवांवर हल्ले झालेत. संस्थेला प्रस्ताव देताना 'आमचा डेटा सुरक्षित होईल' एवढ्याच मुद्द्यावर पैसे मागू नका, पुढच्या वर्षी कोणीतरी हाच प्रश्न विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. एंटँगलमेंट वाटणारं नेटवर्क हे एक उपकरण आहे, तसंच मांडा.

८. आमच्याकडे डार्क फायबर (दुसरं काहीच ट्रॅफिक नसलेली मोकळी फायबर) नाहीये. चालू इंटरनेट ट्रॅफिक असलेल्या फायबरमधून चालेल का?

चालू शकतं पण काळजी घ्यावी लागते. एक मिलीवॅट प्रकाश म्हणजे सेकंदाला सुमारे ७८०० लाख कोटी फोटॉन, आणि त्याच काचेतून तुमचा एकटा फोटॉन जाणार. रंग वेगळा असला तरी रामन स्कॅटरिंगमुळे त्या जोरदार प्रकाशातले काही फोटॉन रंग बदलून तुमच्या चॅनलमध्ये घुसतात. उपाय म्हणजे क्वांटम सिग्नल १३०० नॅनोमीटरच्या आसपास आणि ट्रॅफिक १५५० ला ठेवायचं, फिल्टर अरुंद लावायचे आणि ट्रॅफिकची पॉवर रिसीव्हरला पुरेल एवढीच ठेवायची. २०२४ मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या टीमने ४०० गिगाबिटचं ट्रॅफिक चालू असलेल्या ३० किमी फायबरमधून टेलिपोर्टेशन करून दाखवलं. किंमत अशी मोजावी लागते की १३०० च्या आसपास लॉस किलोमीटरला ०.३३ डेसिबलच्या घरात जातो. म्हणून शहरात एकत्र, गावांमधल्या लांब टप्प्यावर डार्क फायबर, असं धोरण ठेवा. आणि वाटेत अँप्लिफायर असेल तर संपलं (प्रश्न ३).

९. पहिल्या दिवशी किमान काय काय लागेल?

एका लिंकसाठी: एंटँगल्ड फोटॉनचा सोर्स, दोन्ही टोकांना मोजमापाची ऑप्टिक्स, डिटेक्टर, टाइम टॅगर (प्रत्येक क्लिकची वेळ नोंदवणारं यंत्र), आणि घड्याळं जुळवायची सोय (प्रश्न १०). सगळ्यात जास्त पैसा डिटेक्टरवर जातो. सुपरकंडक्टिंग नॅनोवायर डिटेक्टर ९० टक्क्यांच्या पुढे फोटॉन पकडतो पण त्याला १ ते ३ केल्विनचा क्रायोस्टॅट (अतिथंड ठेवणारं यंत्र) लागतो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा अ‍ॅव्हलांश डिटेक्टर छोटा आणि स्वस्त, पण १० ते २५ टक्केच. इथे एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात, जोडी पकडायची तर दोन्हीकडची कार्यक्षमता गुणली जाते. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ८१ टक्के, ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ४ टक्के. वीसपट फरक, म्हणजे जे एका तासात मोजता येतं त्याला जवळजवळ अख्खा दिवस.

आणि कनेक्टर साफ करायचं किट घ्या, फायबर तपासायचा मायक्रोस्कोप घ्या! हिरवे आणि निळे कनेक्टर एकमेकांत घालू नका, टोकाचा कोनच वेगळा असतो. आमच्या एका लिंकवर तीन आठवडे आम्ही सोर्सवर संशय घेत होतो आणि शेवटी पॅच पॅनेलमधलं एकच टोक मळलेलं निघालं, पुसल्यावर जवळपास तीन डेसिबल परत मिळाले. तीन डेसिबल म्हणजे निम्मे फोटॉन. तेव्हापासून प्रत्येक नवीन माणसाला आम्ही आधी पुसायला शिकवतो, मग क्वांटम.

१०. घड्याळं किती अचूक जुळायला हवीत? जीपीएस पुरेल का?

एका लिंकवर नुसती जोडी मोजायची असेल तर नॅनोसेकंदाच्या आसपास पुरतं, चांगला जीपीएस रिसीव्हर दहाएक नॅनोसेकंदापर्यंत नेतो आणि उरलेला फरक फोटॉनच्या डेटातूनच शोधता येतो. त्याहून चांगलं हवं तर सर्नमध्ये तयार झालेलं व्हाइट रॅबिट, ते फायबरवरून नॅनोसेकंदाच्याही खाली जुळवतं आणि त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे. शिकवायलाही छान.

फायबर स्वतः हलते हे मात्र विसरू नका. एका डिग्रीने तापमान वाढलं की दर किलोमीटरला साधारण ४० पिकोसेकंद उशीर वाढतो. ५० किमीला ते २ नॅनोसेकंद झाले. दुपार आणि पहाट यांच्यात तुमचा कोइन्सिडन्स पीक (दोन्हीकडे एकाच वेळी आलेल्या क्लिकांचा उंचवटा) मोजायच्या वेळेच्या खिडकीबाहेर सरकलेला असतो, आणि लोकांना वाटतं सोर्स बिघडला.

११. पोलरायझेशन वापरू की टाइम-बिन?

माहिती फोटॉनच्या कंपनाच्या दिशेत ठेवली तर पोलरायझेशन, तो लवकर आला की उशिरा ह्यात ठेवली तर टाइम-बिन. शिकवायला पोलरायझेशन, कारण विद्यार्थी प्लेट फिरवतो आणि समोर निकाल बदलताना बघतो. लांब फायबरला, विशेषतः खांबांवरून गेलेल्या फायबरला, टाइम-बिन. वाऱ्याने तार हलली की पोलरायझेशन फिरतं, आणि ते सतत दुरुस्त करणारा कंट्रोलर लागतो. जमिनीखालच्या फायबरमध्ये मात्र ते बऱ्याचदा तासनतास स्थिर राहतं. टाइम-बिनला दोन्ही टोकांना स्थिर इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या दोन वाटा परत एकत्र करणारी उपकरणं) लागतात, म्हणजे डोकेदुखी रस्त्यावरून लॅबमध्ये येते. माझं मत विचाराल तर ती लॅबमध्येच बरी, तिथे निदान हात पोचतो.

१२. चार-पाच संस्था एकत्र येणार असतील तर कोणी काय आणायचं, आणि करारात काय असावं?

ह्या प्रश्नाचं उत्तर फिजिक्सपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं मी मनापासून मानतो, कारण चांगली उपकरणं असलेली सहकार्यं इथे अडकलेली मी बघितलीत.

आधी मधला रॅक. दोन संस्थांच्या मध्ये ५०-६० किमीवर कुठेतरी स्टेशन लागणारच, आणि ते कोणाच्याच कॅम्पसमध्ये नसतं. तिथली वीज कोण भरणार, एसी बंद पडला तर रात्री दोनला कोण जाणार, कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे, हे पहिल्या पानावर लिहा. ट्रस्टेड नोड असेल तर तिथे कोण शिरू शकतं हा सिक्युरिटीचाही प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे फायबरचं भाडं. अनुदान तीन वर्षांचं आणि फायबरचा करार दहा वर्षांचा, अशी जोडी होऊ देऊ नका. बऱ्याच देशांत शिक्षण-संशोधनाची स्वतःची नेटवर्कं आहेत, युरोपात जेआंट, अमेरिकेत इंटरनेट२ आणि ईएसनेट, त्यांच्याकडे फायबरचे रूट, स्प्लाइसचे (फायबरच्या जोडांचे) नकाशे आणि अनुभवी माणसं असतात. क्वांटमवाल्यांनी त्यांना पहिल्या मीटिंगपासून बरोबर घ्यावं, सगळं ठरल्यावर 'जरा दोन फायबर द्या' म्हणून जाऊ नये.

तिसरं, वेळेची वाटणी. एका वेळी एकच प्रयोग लिंक वापरतो, तेव्हा रिसर्चला सलग रात्री आणि शिक्षणाला दिवसाचे ठरलेले तास, असं आधीच कॅलेंडर करा. शिक्षणाचे तास 'उरलेल्या वेळात' ठेवले की ते कधीच उरत नाहीत.

चौथं, डेटा. एका टाइम टॅगला ८ बाइट धरले आणि सेकंदाला १० लाख क्लिक असले तर तासाला जवळजवळ २९ गीगाबाइट होतात. कच्चा डेटा किती दिवस ठेवायचा, कुठल्या फॉरमॅटमध्ये, आणि सहभागी संस्थेच्या विद्यार्थ्याला तो परवानगीशिवाय उघडता येईल का? माझं उत्तर हो, आलाच पाहिजे. कॅलिब्रेशनच्या फाइल्सही, आणि बिघडलेल्या दिवसांच्या तर आधी. शेजारच्या नोडचा लॉस काल किती होता हे फोन करून विचारावं लागत असेल तर ते नेटवर्क झालं नाही, दोन लॅब आणि मध्ये एक तार झाली.

१३. आमच्याकडे आयन ट्रॅप, त्यांच्याकडे हिरा, तिसऱ्यांकडे नुसते फोटॉन. जुळणार कसं?

रंग जुळवून. हिऱ्यातला नायट्रोजन-व्हेकन्सी दोष ६३७ नॅनोमीटरला फोटॉन सोडतो, रुबिडियम ७८० ला, आणि हे दोन्ही रंग लांब फायबरमध्ये टिकत नाहीत. म्हणून क्वांटम फ्रीक्वेन्सी कन्व्हर्जन करून ते टेलिकॉमच्या रंगात आणतात, डेल्फ्ट-हेग लिंकवर हेच केलंय. पण रंग जुळला म्हणजे झालं असं नाही, फोटॉनची लांबी पण जुळायला हवी, ते प्रश्न १७ मध्ये.

सॉफ्टवेअरसाठी मार्च २०२३ चा आरएफसी ९३४० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) वाचा, क्वांटम इंटरनेटच्या रचनेची तत्त्वं त्यात सोप्या भाषेत आहेत. १९६९ मध्ये इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट सुरू झालं तेव्हाही चार जागी चार वेगवेगळे कॉम्प्युटर होते, आणि प्रत्येकासमोर एकसारखा छोटा कॉम्प्युटर ठेवून ते जोडले गेले. सगळ्यांनी एकच मशीन घ्या असा हट्ट तेव्हाही कोणी धरला नाही, आपणही धरू नये, फक्त सीमेवर काय येतं-जातं ते पक्कं करावं.

१४. आमच्या कॉलेजात क्रायोस्टॅट सोडा, साधी ऑप्टिक्स लॅब पण नाही. आम्ही काय करणार?

भरपूर. पहिली पायरी सिम्युलेटर: नेटस्क्विड, सिम्युलाक्रॉन, सीक्वेन्स, लॅपटॉपवर चालतात, आणि दोन बाय दोनचं मॅट्रिक्स व कॉम्प्लेक्स नंबर येत असतील तर सुरुवात होते. दुसरी पायरी खऱ्या लिंकचा डेटा, त्यासाठीच प्रश्न १२ मध्ये डेटा उघडा ठेवण्याचा आग्रह. रामनचा नॉइज दिवसभरात कसा बदलतो हे एखाद्या विद्यार्थ्याने शोधून काढलं तर ते खरं संशोधन आहे. तिसरी पायरी रिमोट प्रॅक्टिकल, मोटर लावलेल्या वेव्हप्लेट (पोलरायझेशन फिरवणाऱ्या प्लेट) ब्राउझरमधून फिरवायच्या आणि बेल टेस्ट, म्हणजे एंटँगलमेंट खरंच आहे का ही चाचणी, स्वतः करायची. चौथी, जमलं तर, ४०५ नॅनोमीटरचा लेझर आणि बीबीओ क्रिस्टलचा टेबलावरचा सोर्स, त्याचे फोटॉन ८१० ला येतात आणि साध्या सिलिकॉन डिटेक्टरला दिसतात. ४०५ चा लेझर डोळ्याला धोकादायक असतो, योग्य गॉगल घातल्याशिवाय खोलीत कोणी नको, ह्यात सूट नाही.

१५. आमच्या दोन टप्प्यांच्या मध्ये ट्रस्टेड नोड आहे. 'अमुक ते तमुक एंटँगलमेंट' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. नोडच्या आत क्वांटम अवस्था संपते (प्रश्न ४), त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत एंटँगलमेंट नसतंच, असते ती फक्त की. २०० किमीचं क्यूकेडी नेटवर्क, सलग क्वांटम टप्पा जास्तीत जास्त ६० किमी, असं दोन्ही आकडे देऊन लिहा. याने काम छोटं होत नाही. उलट पुढच्या संस्थेला कळतं की मधला नोड रिपीटरने बदलायची जागा नेमकी कुठे आहे.

१६. रात्री एस व्हॅल्यू २.५ येते आणि दुपारी १.९. क्वांटमपणा दुपारी जातो का?

सोर्स बहुधा ठीकच आहे. एस हा बेल टेस्टचा निकालाचा आकडा. त्याची क्लासिकल मर्यादा २, क्वांटमची २.८२८, आणि ढोबळमानाने एस म्हणजे २.८२८ गुणिले व्हिझिबिलिटी (जोड्यांमधला संबंध किती स्वच्छ दिसतो त्याचं माप). म्हणजे व्हिझिबिलिटी ७१ टक्क्यांच्या खाली आली की २ च्या खाली. दुपारी ती कशामुळे पडते ते ह्या क्रमाने बघा. पहिलं, कोइन्सिडन्स खिडकी सरकली का (प्रश्न १०). दुसरं, पोलरायझेशन फिरलं का (प्रश्न ११). तिसरं, नॉइज वाढला का, दिवसा ट्रॅफिक वाढतं किंवा कोणीतरी शेजारचं चॅनल चालू करतं. योगायोगाने जुळणाऱ्या क्लिकचा हिशोब सोपा आहे: दोन्हीकडे सेकंदाला १ लाख क्लिक आणि खिडकी १ नॅनोसेकंद असेल तर सेकंदाला १० खोट्या जोड्या. खऱ्या जोड्या सेकंदाला २० असतील तर व्हिझिबिलिटी तिथेच गेली. खिडकी लहान करा किंवा पंप लेझरची पॉवर कमी करा. लोक वाढवतात, आणि त्याने एकाच वेळी दोन जोड्या सुटण्याचं प्रमाण वाढून अजून बिघडतं.

१७. दोन्ही लिंक वेगवेगळ्या उत्तम चालतात, पण मध्ये स्वॅपिंग केलं की काहीच मिळत नाही. का?

स्वॅपिंगला दोन वेगवेगळ्या सोर्सचे फोटॉन ओळखू न येण्याइतके सारखे हवेत. रंग, आकार, पोलरायझेशन, आणि बीमस्प्लिटरवर पोचायची वेळ, सगळंच. एकेका लिंकला नॅनोसेकंदाची चूक चालते, इथे फोटॉनच्या लांबीपेक्षा कमी चूक लागते आणि ती बऱ्याचदा काही पिकोसेकंदच असते. आधी हाँग-ओउ-मँडेल डिप (दोन सारखे फोटॉन बीमस्प्लिटरवर एकदम भेटले की दोन्हीकडच्या एकत्र क्लिकांत पडणारा खड्डा) शोधा, तो दिसेपर्यंत स्वॅपिंगच्या डेटाकडे बघूच नका. फिल्टर अरुंद केला की फोटॉन लांब होतो आणि जुळवणं सोपं जातं, बदल्यात संख्या कमी होते. शिवाय साध्या ऑप्टिक्सच्या बेल मापनाला (स्वॅपिंगमधलं दोन फोटॉनचं एकत्र मोजमाप) जास्तीत जास्त ५० टक्केच यश मिळतं, ती मर्यादा तुमच्या सेटअपची नाही.

१८. फायबर देणाऱ्याने न सांगता रूट बदलला. कळणार कसं?

उशिरावरून लगेच कळतं, १ किमी वाढला की ५ मायक्रोसेकंद. रोज सकाळी लॉस आणि उशीर आपोआप नोंदवून ठेवा. खात्री करायला ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून परत आलेल्या प्रकाशावरून ती तपासणारं यंत्र) लावाल तर आधी डिटेक्टर फायबरपासून काढून ठेवा, ओटीडीआरच्या जोरदार पल्सने सिंगल फोटॉन डिटेक्टर खराब होऊ शकतो. समोरच्या संस्थेलाही फोन करून मगच लावा, त्यांचाही डिटेक्टर दुसऱ्या टोकाला असतो.

१९. दुसऱ्या देशातली संस्था सामील होऊ शकते का?

सिम्युलेशन, डेटा, सॉफ्टवेअरसाठी सहसा अडचण येत नाही. उपकरणं मात्र आधी तपासा, २०२४ पासून अनेक देशांनी काही क्वांटम आणि क्रायोजेनिक उपकरणांच्या निर्यातीवर नियंत्रणं आणलीत, आणि काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला तांत्रिक माहिती देणं हीसुद्धा निर्यात धरली जाते. संस्थेच्या कायदा विभागाला करार करतानाच विचारा. विद्यार्थी आल्यावर त्याला दारात थांबवावं लागणं फार वाईट असतं.

२०. व्हिझिबिलिटी सांगताना खोट्या जोड्या वजा करून सांगायची की तशीच?

दोन्ही, आणि वजा न केलेली आधी. वजा केल्यावर ९७ टक्के आणि न करता ८१ असेल तर ९७ तुमच्या सोर्सबद्दल सांगते, ८१ तुमच्या नेटवर्कबद्दल, आणि जो त्या लिंकवर की बनवणार किंवा स्वॅपिंग करणार त्याला ८१ च मिळणार, त्याला वजाबाकी करून मिळत नाही. बरोबर खिडकीची रुंदी, मोजायचा कालावधी, पंप पॉवर आणि त्या वेळचा फायबरचा लॉसही लिहा. सामायिक नेटवर्कमध्ये तर हे सगळ्यांनी एकाच तक्त्यात, एकाच व्याख्येने लिहायचं, नाहीतर एका नोडचे ९७ आणि दुसऱ्याचे ८५ शेजारी ठेवून लोक चुकीच्या लिंकवर महिनाभर दुरुस्ती करत बसतात.